ट्युबिंगेन: आल्फा रोमिओ आणि सायकल

जर्मनीतल्या ट्युबिंगेनला लोक जातात ते नेकार नदीकाठची रंगीत घरं बघायला आणि लांब काठीने ढकलत नेतात त्या चिंचोळ्या होड्यांतून फिरायला. आम्ही गेलो हान्स क्युंग या कॅथलिक धर्मपंडितासाठी. भाचा स्टुटगार्टला नोकरीला आहे, तिथून रेल्वेने फार तर तासाभराचा रस्ता. गाडीत त्याने विचारलं, "मामा, हा तोच ना, पोपशी भांडलेला?"

तोच. पण एवढीच ओळख राहावी हे मला खटकतं. वसईतल्या आमच्या घरात हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते जेवताना, घरी आलेल्या एका धर्मगुरूंच्या तोंडून, आणि तेही आवाज खाली आणून. तेव्हापासून कुतूहल होतं.

गाव चढउताराचं, दगडी गल्ल्यांचं. विद्यापीठ 1477 चं, आणि गावात जिकडे बघावं तिकडे विद्यार्थी. तत्त्वज्ञ हेगेल, शेलिंग आणि कवी ह्योल्डरलिन इथल्या प्रॉटेस्टंट मठशाळेत एकत्र राहून शिकले. भिंतीभिंतीवर कुणी ना कुणी थोर माणूस राहिल्याच्या पाट्या. एका घरावर जर्मन महाकवीच्या नावाची, 'इथे गटे राहिला' अशी रीतसर पाटी आहे आणि शेजारच्या इमारतीवर कुणा टवाळाने लावलेली दुसरी: 'इथे गटे ओकला'. भाच्याने ती वाचून दाखवली आणि आम्ही दोघेही रस्त्यात उभे राहून हसलो. थोरांचं ओझं वाटू न देण्याची ही रीत मला आवडली.

गाव पिढीजात प्रॉटेस्टंट, पण विद्यापीठात ईशज्ञानाच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, दोन विद्याशाखा आहेत, एक प्रॉटेस्टंट आणि एक कॅथलिक. अशा ठिकाणी 1960 साली क्युंग प्राध्यापक म्हणून आला, वय 32. मूळचा स्वित्झर्लंडमधल्या झुर्झे गावचा, बापाचं चपलाबुटांचं दुकान. सात वर्षं रोममध्ये शिकला, 1954 मध्ये तिथेच धर्मगुरू झाला. पॅरिसमध्ये 1957 साली जो प्रबंध लिहिला, त्यातच पुढचा सगळा माणूस दिसतो. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो श्रद्धेने की कृत्यांनी, या एका प्रश्नावरून ल्यूथरच्या काळापासून युरोप दुभंगला होता. क्युंगने कार्ल बार्थ या प्रॉटेस्टंट पंडिताची शिकवण आणि सोळाव्या शतकातल्या ट्रेंट धर्मपरिषदेची कॅथलिक शिकवण शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाला, मुळात दोघांचं जमतं. खुद्द बार्थने त्याला प्रस्तावनेचं पत्र दिलं. कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनी या प्रश्नावर एकमताचं निवेदन सही केलं ते 1999 मध्ये, म्हणजे 42 वर्षांनी.

मग आली दुसरी व्हॅटिकन परिषद, कॅथलिक चर्चमध्ये सुधारणा करणारी बिशपांची सभा, 1962 ते 65. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमधून मराठीत आला तो तिच्याचमुळे. माझ्या आजीला लॅटिन मिस्सा तोंडपाठ होता, अर्थ विचारला की ती हात जोडायची. त्या परिषदेत तज्ज्ञ म्हणून बसलेल्या तरुणांत क्युंग होता, आणि त्याच्याहून वर्षभराने मोठा योझेफ राट्झिंगर.

या राट्झिंगरला 1966 मध्ये ट्युबिंगेनला आणण्यात पुढाकार क्युंगचाच. गावात अजून सांगतात: क्युंग आल्फा रोमिओ मोटार उडवत यायचा, राट्झिंगर डोक्यावर टोपी घालून सायकलवरून. चढाच्या त्या गल्ल्या बघितल्यावर मला सायकलवाल्याचीच जास्त कीव आली. दोघांत वैर नव्हतं. पण 1968 च्या विद्यार्थी आंदोलनाने राट्झिंगर हादरला, आणि 1969 मध्ये रेगेन्सबुर्गच्या शांततेत निघून गेला. क्युंग राहिला. पुढे एक पोप झाला आणि दुसऱ्याची चर्चने दिलेली शिकवण्याची परवानगी गेली.

ती कशी गेली हे नीट सांगायला हवं. पोप श्रद्धेच्या आणि नीतीच्या बाबतीत अधिकृतपणे बोलले की चुकत नाहीत, हा सिद्धान्त 1870 चा. पोप पॉल सहावे यांनी 1968 मध्ये कृत्रिम संततिनियमन नाकारलं, तेव्हा क्युंगने मुळावरच बोट ठेवलं. बरोबर शंभर वर्षांनी, 1970 मध्ये, त्याचं पुस्तक आलं, 'अचूक?' असं थेट प्रश्नचिन्हासकट. नऊ वर्षं पत्रव्यवहार, खुलासे, ताकिदी. 18 डिसेंबर 1979 ला रोमने जाहीर केलं की यापुढे तो कॅथलिक ईशज्ञानाचा शिक्षक मानला जाणार नाही. तेव्हा हा गृहस्थ ऑस्ट्रियात बर्फावर स्कीइंग करत होता. विद्यापीठ सरकारी, त्यामुळे नोकरी गेली नाही. त्याची सर्वपंथीय संशोधन संस्था कॅथलिक शाखेतून बाहेर काढून थेट विद्यापीठाखाली ठेवली गेली. तिथूनच तो 1996 मध्ये निवृत्त झाला. धर्मगुरूपद मात्र कुणी काढलं नाही आणि त्यानेही सोडलं नाही. मला क्युंगचा मोठेपणा दिसतो तो इथे. दार आपटून निघून जाणं सोपं होतं, टाळ्याही भरपूर मिळाल्या असत्या.

दुपारी शहराच्या जुन्या कबरस्तानात गेलो. ह्योल्डरलिन इथेच आहे. नळापाशी पाणी घालायच्या झाऱ्या साखळीने अडकवलेल्या, नाणं सरकवलं की सुटतात. एक आजीबाई आपल्या माणसाच्या कबरीला पाणी घालून झारी परत अडकवत होत्या, नाणं परत घ्यायला विसरल्या नाहीत. क्युंगची कबर वक्तृत्वशास्त्राचे प्राध्यापक वाल्टर येन्स यांच्या शेजारी आहे. दोघांनी मिळून 1995 मध्ये सन्मानाने मरण्याच्या हक्कावर पुस्तक लिहिलं होतं. पुढे येन्स स्मृतिभ्रंशाने गेले, क्युंगला पार्किन्सन झाला. शेवटी 6 एप्रिल 2021 ला, 93 व्या वर्षी, तो घरीच वारला. मी नकळत 'आमच्या बापा' ही येशूने शिकवलेली प्रार्थना पुटपुटलो. भाचा मोबाईलमध्ये बघत होता.

परवानगी गेल्यावर क्युंग इतर धर्मांकडे वळला, आणि मराठी वाचकाच्या ओळखीचं काही सापडतं ते इथे. विवेकानंदांच्या शिकागो भाषणाला शंभर वर्षं झाली तेव्हा, 1993 मध्ये, तिथेच पुन्हा सर्वधर्म परिषद भरली. तिच्या जागतिक नीतीच्या जाहीरनाम्याचा मसुदा क्युंगचा. अहिंसा, न्याय्य अर्थव्यवहार, सत्य, स्त्रीपुरुष समानता, आणि पायाशी हा नियम: स्वतःला नको ते दुसऱ्याला करू नये. आपल्याकडचं 'आत्मनः प्रतिकूलानि परेषां न समाचरेत्' याहून वेगळं काय? 1995 मध्ये एका उमरावाच्या देणगीतून या कामासाठी प्रतिष्ठान निघालं, ते याच गावात.

त्याच्यात खोटही आहे. आत्मचरित्राचे तीन जाडजूड खंड आहेत, आणि त्यांत 'मी' जरा जास्तच ऐसपैस बसतो. पण याच माणसाने 2005 मध्ये नव्या पोपना, म्हणजे जुन्या सायकलवाल्याला, भेटीसाठी पत्र लिहिलं. कास्तेल गांदोल्फोला, पोपच्या उन्हाळी निवासात, तासन्‌तास गप्पा झाल्या. वादाचे मुद्दे काढायचे नाहीत असं ठरलेलं. परवानगी परत मिळाली नाही, त्याने मागितलीही नाही.

परतीच्या गाडीत भाच्याने विचारलं, वाचायचं तर कुठून सुरुवात करू? मी म्हटलं, भांडणाच्या पुस्तकापासून नको. 1974 मध्ये त्याने ख्रिस्ती असणं म्हणजे काय यावर लिहिलं, ते घे. वीट आहे वीट, पण येशूवरची प्रकरणं सोडू नकोस. त्याने तिथल्या तिथे जर्मन प्रत मागवली. मला इंग्रजीवर भागवावं लागतं.