"काय करूचो नाय तो"

आमच्या घरात हे वाक्य किती वेळा बोललं गेलंय विचारू नका. चाकरमान्यांची रिक्षा खळ्यात थांबली आणि वाघ्या भुंकत आला की ओटीवरून काकीची हाक ठरलेली, "काय करूचो नाय तो!" आणि नऊ वर्षांत त्याने खरंच काही केलं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात बहिणीचा साडेतीन वर्षांचा पोरगा मागीलदारी गेला, वाघ्या बांगड्याची डोकी खात होता, आणि याने मागून जाऊन गळ्यात मिठी मारली. वाघ्या खायचा थांबला, एकदम ताठ झाला, डोळ्यांचं पांढरं दिसेल असं तिरकं बघायला लागला. मी विहिरीवरून सगळं बघत होतो, पण शेपटी हलत होती ना, मला वाटलं लाडात आलाय. ताठ शेपटी नुसती टोकाला हलते तेव्हा तो लाड नसतो हे मला चाळिशीत कळलं.

गालावर दोन दात. काकी मालवणी मसाल्याचा डबा घेऊन धावली (जखमेत भरायला!), बहिणीने तो बाजूला सारला आणि पोराला नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं धुतलं, पोरगं किंचाळतंय, सगळे तिला ओरडतायत, ती ऐकेना. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले हेच बरोबर केलंत. तोंडावरची जखम म्हणून रेबीजच्या लसीबरोबर जखमेत सिरम (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) पण दिलं. लस दंडात, लहानग्यांना मांडीत, शेवटचा डोस २८ व्या दिवशी. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच बंद झाली, तरी वाडीत अजून त्याच भीतीने लोक कुत्रा चावलेलं लपवतात.

म्हणून गणपतीत आरती झाल्यावर पोरांना आणि मुख्य म्हणजे आयांना बसवलं. भटक्या कुत्र्यांचीच भीती सगळ्यांना, पण लहान पोरांना चावतो तो पुष्कळदा ओळखीचाच असतो, आणि पोराचं तोंड नेमकं त्याच्या तोंडासमोर येतं. खाताना, झोपलेला असताना, पिल्लांपाशी असताना जायचं नाही, आणि मोठं माणूस जवळ नसेल तर घरच्या कुत्र्याशीही खेळायचं नाही. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, माड व्हायचं, हात खाली, नजर पायाकडे, गप्प. पडलात तर मुटकुळं करून कान-मान झाकायची. पोरांनी त्याचा खेळच केला, रात्रभर खळ्यात माड उभे.

काकी म्हणाली, आमका कोणी शिकवलेला? खरंय. पण वाघ्याचं लसीचं कार्ड शोधलं तर शेवटची तारीख तीन वर्षांपूर्वीची निघाली, स्कूटरचा इन्शुरन्स मात्र एक दिवस चुकत नाही. आता ते कार्ड कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलंय.