बिबट्या असावा, दिसू नये

रविवारी पहाटे बूट चढवून "रालामंडलला जाऊन येतो" असं कुणी म्हटलं, की इंदूरच्या मराठी घरांत "कशाला?" असं सहसा विचारत नाहीत. विचारलंच तर उत्तरं ठरलेली: वजन, शुगर, मोकळी हवा. खोटी नाहीत, पण पुरतही नाहीत. वजन नेहरू पार्कच्या फेऱ्यांनीही उतरतं; त्यासाठी बायपासपलीकडचा डोंगर कशाला चढायचा?

रालामंडल म्हणजे काही मेळघाट नव्हे. १९८९ साली अभयारण्य झालं, पण क्षेत्र अडीच चौरस किलोमीटरसुद्धा नाही. पायथ्याशी तिकीट काढायचं, झाडीतून चढत होळकरांच्या शिकारकोठीपर्यंत जायचं, तिथून खालचं इंदूर बघायचं. एवढंच.

माझ्या मते खरं कारण बिबट्या. या रानात त्याचा वावर आहे, हे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. गेटपाशी प्लॉटचे भाव तावातावानं सांगणारे काका पहिल्याच वळणावर हळू बोलू लागतात. वाळक्या पानांत खसफस झाली की सगळे थबकतात. निघतात बहुधा सातभाई पक्षी. मग सगळे हसतात, जरा जास्तच मोठ्यानं.

खरं तर तो दिसावा असं कुणालाच वाटत नसतं. दिसला तर पुढं काय करायचं, कुणाला माहीत? पण उद्या वनखात्यानं "इथं बिबट्या उरला नाही" असं जाहीर केलं, तर निम्मे लोक पुन्हा नेहरू पार्कात दिसतील. नवलख्याच्या प्राणिसंग्रहालयात जनावरं हमखास दिसतात. तिथं बघणारे आपणच, हे पक्कं असतं. इथं कोण कुणाला बघतंय याची खात्री नाही, आणि घरात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आठवडाभर आपलंच चालवून आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हद्दीत असं बिचकून चालणं आवडत असावं. शिकारकोठी बांधणाऱ्यांनी जनावरं हेरायला उंच जागा निवडली. आता तिथं पोचणारे निःशस्त्र, धापा टाकणारे, हातात पाण्याची बाटली.

मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून चढणाऱ्यांचं कोडं मात्र मला सुटत नाही. पैसे मोजून, घाम गाळून वर जायचं आणि वाटेतलं सगळं रान पळवून लावायचं. त्यापेक्षा छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत बसलेलं काय वाईट?