कुठे फावडं, कुठे टीशर्ट

टीव्हीवर "अमेरिकेत हिमवादळाचा कहर" अशी पट्टी फिरायला लागली की भारतातून फोन सुरू होतात. काळजीपोटीच करतात सगळे, पण नेमका तेव्हा आम्ही न्यू जर्सीत खिडक्या उघडून बसलेलो असतो आणि वादळ असतं तिकडे मिनेसोटात, हजारेक मैलांवर. आणि आमच्याकडे खरंच फूटभर बर्फ पडतो तेव्हा टीव्हीवर कुठल्यातरी निवडणुकीचे निकाल चालू असतात, काळं कुत्रं विचारत नाही.

"तिकडे थंडी आहे का गं?" ह्याला काय उत्तर देणार, कुठल्या तिकडे ते आधी सांगा. आमचा जुन्या मित्रमैत्रिणींचा एक ग्रुप आहे, देशभर विखुरलेला. जानेवारीतल्या एकाच दुपारी डेन्व्हरवाला टीशर्ट घालून सायकल चालवतानाचा फोटो टाकतो (दुसऱ्या दिवशी तिथेच बर्फ पडेल, ते तो टाकत नाही), आणि बफेलोवाली गॅरेजचं दार वर केल्यावर समोर दिसलेली बर्फाची भिंत टाकते. त्या भिंतीवर दाराचा अख्खा ठसा उमटलेला असतो, आडव्या पट्ट्या, चौकोन, मधला हँडलचा खळगा, सगळं जसंच्या तसं. मग फ्लोरिडावाला विचारतो आज समुद्रावर जाऊ का उद्या. त्याला सगळ्यांनी मिळून म्यूट केलंय.

गंमत अशी की पश्चिमेकडच्या डेन्व्हरचा टीशर्ट आणि पूर्वेकडच्या बफेलोची भिंत ही पुष्कळदा एकाच कारणाची दोन टोकं असतात. साधारण तीस हजार फुटांवर जेट स्ट्रीम नावाचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाट वाहत असतो, आणि तो सरळ वाहिला तर फार काही घडत नाही, पण कधीकधी तो मोठी वळणं घेतो, म्हणजे पश्चिमेला फुगून दक्षिणेची ऊब घेऊन पार अलास्कापर्यंत वर जातो आणि तिथून जो खाली घसरतो तो सगळी उत्तरेची थंडी घेऊन पूर्वेच्या राज्यांवर येतो. तोकडी गोधडीच ती, एकाने अंगावर ओढली की दुसऱ्याचे पाय उघडे.

१९७७ चा जानेवारी बघा. १९ तारखेला चक्क मायामीत बर्फाचे कण पडले. २८ ला बफेलोवर ते कुप्रसिद्ध वादळ आलं, आणि त्यात आभाळातून नवीन बर्फ तसा बेताचाच पडला होता बरं का, शेजारचं ईरी सरोवर आधीच गोठलेलं, त्याच्यावर आठवड्यांचा भुसभुशीत बर्फ साठलेला, वाऱ्याने तो सगळा उचलून शहरात आणून ओतला. आणि त्याच हिवाळ्यात कॅलिफोर्निया कोरडा ठणठणीत, दुष्काळ, आणि अलास्कात मात्र तिथल्या मानाने छान उबदार! २०१४ मध्ये परत तेच. २८ जानेवारीला अटलांटात जेमतेम अडीच इंच बर्फ पडला आणि रस्ते असे तुंबले की लोकांनी रात्र गाडीत काढली, मुलं शाळेतच झोपली, आणि आदल्याच दिवशी अलास्कातल्या पोर्ट अल्सवर्थला ६२ फॅरेनहाइट, म्हणजे साधारण १७ सेल्सियस. अडीच इंचाला हसणारे उत्तरेकडचे लोक मला आवडत नाहीत, ज्या गावात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्याच फारशा नाहीत तिथे अडीच इंच म्हणजे संकटच.

रॉकी पर्वताच्या पूर्वेला तर ह्यासाठी दोन गावं सुद्धा लागत नाहीत, एकच पुरतं. डोंगरावरून चिनूक नावाचा कोरडा वारा उतरतो, आणि खाली येताना हवा दाबली जाऊन दर हजार फुटांना साधारण साडेपाच अंश फॅरेनहाइटने तापत जाते. साउथ डकोटातल्या स्पिअरफिशला २२ जानेवारी १९४३ ला सकाळी साडेसातला पारा उणे ४ फॅरेनहाइट होता (उणे २० सेल्सियस), दोन मिनिटांत ४५ वर (७ सेल्सियस) गेला. दोन मिनिटांत! नऊ वाजता ५४, आणि मग सत्तावीस मिनिटांत परत उणे ४. खिडक्यांच्या काचा तडकल्या. त्या दिवशी शाळेत जाणाऱ्या पोरांना आयांनी काय घालून पाठवलं असेल ह्याचा मी फार विचार केलाय.

आता उबदार हिवाळा म्हणजे मजा असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडे ३६ फॅरेनहाइटला, म्हणजे गोठणबिंदूच्या जरासं वर, येऊन बघावं. मला विचाराल तर त्यापेक्षा कडक २० बरं, निदान बूट कोरडे राहतात. छत्तीसला सगळा काळपट चिखल, फुटपाथच्या कडेला घोटाभर बर्फाळ पाणी, आणि तेच पाणी डांबराच्या फटीत शिरून रात्री गोठतं, फुगतं, की सकाळी खड्डा तयार. शिवाय नॉरईस्टर, म्हणजे पूर्व किनाऱ्यावरचं मोठं वादळ, येणार असेल तर बर्फ आणि पाऊस ह्यांच्यामधली रेघ नेमकी आमच्या डोक्यावर कुठेतरी असते, ती दहा-पंधरा मैल इकडेतिकडे सरकली की फूटभराच्या अंदाजाचा नुसता पाऊस होतो. आदल्या दिवशी मात्र बर्फ चिकटू नये म्हणून रस्त्यावर खारट पाण्याच्या बारीक पांढऱ्या समांतर रेघा मारून ठेवलेल्या असतात, त्या दिसल्या की दुकानातला ब्रेड आणि दूध संपलंच समजा.

पण सगळ्यात कहर म्हणजे अँकरेज. अलास्कातलं अँकरेज! तिथून दर मार्चमध्ये इडिटारॉड ही कुत्र्यांच्या स्लेजची शर्यत समारंभाने सुटते, आणि २०१६ ला तिथल्या रस्त्यांवर पसरायला बर्फच नाही म्हणून फेअरबँक्सहून चक्क रेल्वेने मागवावा लागला. पुढच्या वर्षी वाटेवर काही ठिकाणी बर्फ कमी म्हणून खरी सुरुवातच फेअरबँक्सला नेली, आणि त्यानंतर साधारण आठवड्याने न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला दोन दिवसांत जवळजवळ ३५ इंच बर्फ पडला. त्यांना कोणी विचारलं असतं तर डबेच्या डबे फुकट भरून दिले असते, वर फावडी पण दिली असती.