गाडीतून येतात, मग भुकेले कसे?

दर डिसेंबरात मंगळवेढ्याला गेले की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. गेल्या खेपेला भाऊजींनी विचारला. मी मोबाइलमधले फोटो दाखवत होते, त्यात आमच्या अमेरिकेतल्या पॅन्ट्रीबाहेरच्या रांगेचा एक होता. पहाटेचा अंधार, आणि एकामागे एक लागलेले गाड्यांचे दिवे.

"वहिनी, पेट्रोल पंप का हो हा?"

"नाही, फुकट धान्याची रांग आहे."

"फुकटचं न्यायला गाडीतून येतात? आणि सगळी म्हातारीच दिसतायत की!"

सगळे हसले, मीही हसले. तेवढ्यात चहा आला आणि विषय बुडाला. पण तोच प्रश्न नंतर बहिणीनं फोनवर विचारला, पुण्याच्या मैत्रिणीनं विचारला, आणि इथल्या मंडळाच्या गणपतीत एका तरुण मुलानंही जरा घुश्श्यातच विचारला. म्हणून आता सवडीनं सांगते.

मी ॲरिझोनात, फीनिक्सजवळच्या मेसा या गावात राहते. 23 वर्षं झाली. गेली 6 वर्षं दर बुधवारी एका चर्चच्या मागच्या पॅन्ट्रीत काम करते. पॅन्ट्री म्हणजे वाटपाची जागा. फूड बँक वेगळी. ते असतं मोठं गोदाम. तिथं रांग लागते ती ट्रकची. बाजारात न खपलेला माल, शेतकऱ्याकडचं वाकडंतिकडं सिमला मिरचीचं पीक, सरकारनं विकत घेतलेले डबे, असं सगळं तिथं येतं, निवडलं जातं आणि आमच्यासारख्या ठिकाणी पोचतं. सासूबाईंना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे दामाजीपंतांची कोठारं. आणि तू तिथली हमाल." यापेक्षा नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

आणि ही कोठारं सुरू झाली तीही इथंच, फीनिक्समध्ये, 1967 साली. जॉन व्हॅन हेंगेल नावाचा माणूस एका अन्नछत्रात स्वयंसेवक होता. दुकानांमागच्या पेट्यांत टाकून दिलेलं, पण चांगलं अन्न गोळा करून मुलांना खाऊ घालणारी एक बाई त्याला भेटली. असं अन्न ठेवायला आणि लागेल तेव्हा काढायला बँकेसारखी जागा हवी, ही कल्पना तिचीच. सेंट मेरीज चर्चनं त्याला एक पडीक इमारत आणि 3000 डॉलर दिले. जगातली पहिली फूड बँक ती. आज देशभरात दोनशेच्या आसपास मोठ्या फूड बँका आहेत. दामाजीपंतांनी बादशहाला न विचारता कोठार उघडलं होतं. व्हॅन हेंगेलनं दुकानदारांना विचारलं, एवढाच काय तो फरक.

आता गाडी.

फीनिक्स हे गाव पायी चालायचं नाही. किराण्याचं दुकान पुष्कळदा दूर असतं, बसथांब्यावर सावली असेलच असं नाही. 2023 साली इथं सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला होता, म्हणजे आपल्या हिशोबानं 43 अंशांच्या पुढे. अशा उन्हात 76 वर्षांच्या माणसानं पिशव्या घेऊन थांब्यावर उभं राहायचं का? गाडी विकली तर दवाखाना सुटतो, दुकान सुटतं, चर्च सुटतं. म्हणून ती सगळ्यात शेवटी विकली जाते. आपल्याकडे पडक्या वाड्यात राहणाऱ्या म्हाताऱ्याला "एवढा वाडा आहे, याला काय कमी?" असं म्हणतात ना, त्यातलाच हा प्रकार.

एका आजींनी मला एकदा खोक्याच्या पुठ्ठ्यावरच हिशोब मांडून दाखवला. नवऱ्यामागे मिळणारी सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, महिना 1240 डॉलर. राहतात मोबाइल होममध्ये, म्हणजे पत्र्याचं लांबट घर. घर त्यांचं, पण खालची जमीन दुसऱ्याची, आणि त्या जमिनीचं भाडं दरसाल चढतं. ते 720. जुलैची वीज 215. गाडीचा विमा 95, फोन 30, औषधं 110. उरले 70. त्यातच पेट्रोल, साबण आणि खाणं. "भाडं कमी करता येत नाही, वीज कमी केली तर मरेन, औषध कमी करून पाहिलं, दवाखान्यात पोचले. राहिलं काय?" असं म्हणून त्यांनी पेन्सिल खाण्यावर टेकवली.

वीज कमी केली तर मरेन, हे त्या बोलण्याच्या ओघात म्हणाल्या नव्हत्या. 2018 साली याच भागात थोड्याशा थकबाकीपायी वीज तोडलेल्या एका वृद्ध बाईचा उन्हानं जीव गेला. त्यानंतर राज्याच्या वीज नियामक आयोगानं उन्हाळ्यात वीज तोडायला बंदी घातली. तोडत नाहीत, पण बिल चढत राहतं आणि ऑक्टोबरात दारात उभं राहतं. त्यामुळे आमच्याकडे सगळ्यात लांब रांगा थंडीत नसतात, उन्हाळ्यात आणि त्याच्या लगेच मागे असतात.

आमच्याकडे येणाऱ्या साठीपुढच्यांना महिन्याला एक सरकारी खोकं मिळतं, उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर. ही योजना 1969 साली गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी सुरू झाली होती, नंतर त्यात म्हातारी माणसं आली, आणि 2014 च्या कायद्यानं ती फक्त साठीपुढच्यांची झाली. खोक्यात भाज्यांचे आणि फळांचे डबे, रस, टिकाऊ दूध, सकाळी दुधात घालून खायचे पोहे, भात नाहीतर पास्ता, मांसाचा किंवा माशाचा डबा, सुकी कडधान्यं किंवा शेंगदाण्याचं लोणी आणि चीजची दोन पौंडांची वीट. दहा-बारा किलो वजन सहज भरतं. जोडीला फूड बँकेतून आलेली ताजी भाजी, ब्रेड, अंडी, जे असेल ते.

एवढं असूनही ते खाता येईलच असं नाही, हे मला तिथं काम करूनच कळलं. संधिवातानं वाकडी झालेली बोटं ओपनरनं डबा उघडू शकत नाहीत. एक आजोबा स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडीनं उघडायचे, तळहाताला सहा टाके पडले. तेव्हापासून ओढायची कडी असलेले डबे आम्ही बाजूला काढून ठेवतो आणि विचारून देतो. कवळी बसत नसेल त्याला सुकामेव्याच्या कडक वड्या देऊन काय उपयोग? त्याला शेंगदाण्याचं लोणी. रक्तदाबवाल्याला सांगायचं, डब्यातली भाजी चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवा, थोडंफार मीठ निघून जातं. मधुमेह असेल तर पाकातल्या फळांऐवजी रसातली शोधायची. आणि कुत्र्या-मांजराचं खाणंही ठेवावं लागतं, कारण एकटी माणसं आपल्या ताटातलं आधी त्याला घालतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कडधान्यांची एक गंमत सांगते. पिंटो म्हणजे राजम्याचा फिकट, ठिपक्यांचा भाऊ. त्याच्या पिशव्या कुणी नेत नसे. शिजायला दोन तास गॅस कोण जाळणार? मी म्हटलं, अहो, रात्री भिजत घाला. भिजत घालणं हा आपल्याकडे सांगायचा विषय तरी आहे का! पण एका 82 वर्षांच्या बाईला मी कागदावर उसळीची कृती लिहून दिली: कांदा, टोमॅटो, जिरं, तिखट बेतानं. पुढच्या बुधवारी त्या सांगत आल्या की उत्तम झाली, फक्त वरून चीज घालावं लागलं. घाला बापड्या.

"शिळं वाटता का हो?" हाही प्रश्न येतो. नाही. इथं डब्यावर छापलेली तारीख बहुतेक वेळा चव कधीपर्यंत उत्तम राहील याची असते, माल खराब होण्याची नव्हे. ती उलटली की दुकान माल काढून टाकतं. तो दान केला आणि कुणी दावा लावला तर, या भीतीनं पूर्वी बरेच दुकानदार तो कचऱ्यात घालायचे. 1996 साली सद्हेतूनं अन्न देणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा झाला, तेव्हापासून जरा सोपं झालं. तरी आमच्याकडे फुगलेला, गंजलेला, शिवणीवर चेमटलेला डबा पहिल्या टेबलापुढे सरकत नाही. तिथं बसणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका आहेत. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, मीसुद्धा.

खरी अडचण डब्याची नाहीच. यायचीच लाज वाटते. सरकारच्या स्नॅप योजनेत खाण्यासाठी कार्डावर पैसे मिळतात, पण हक्क असलेल्या म्हाताऱ्यांतले जवळपास निम्मे ते घेत नाहीत. काहींना अर्जाची पानं झेपत नाहीत. काहींनी ऐकलेलं असतं की किमान रक्कमच मिळते. ती 2024 साली महिना 23 डॉलर होती. एवढ्यासाठी कोण खेटे घालणार? साठीपुढच्यांना औषधपाण्याचा 35 डॉलरच्या वरचा खर्च उत्पन्नातून वजा करता येतो आणि मग रक्कम वाढू शकते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्यासाठी आमच्याकडे एक मुलगी लॅपटॉप घेऊन बसते. माझ्या मते आमच्या पॅन्ट्रीतलं सगळ्यात मोलाचं टेबल ते. खोकं दहा दिवसांत संपतं, कार्ड दर महिन्याला भरतं. कमी पेन्शनवर खोकी हा इलाज नाही, हे मी सहा वर्षं खोकी उचलूनच म्हणतेय.

फीडिंग अमेरिका या फूड बँकांच्या देशव्यापी संस्थेच्या अहवालानुसार 2022 साली या देशात साठीपुढचे जवळपास 70 लाख लोक पुरेशा अन्नाला मोताद होते. हा आकडा भाऊजींना सांगितला तर ते म्हणाले, "पण दिसत नाहीत." कसे दिसतील? आमच्या आजीला शेवटच्या वर्षांत दूध कमी आलेल्या दिवशी नेमकी भूक नसायची. आम्ही पोरं तिचा वाटा आनंदानं प्यायचो. म्हातारं माणूस भूक लपवतं, तिकडे काय आणि इकडे काय. माझ्या मावशीला रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा उठत नाही म्हणून दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा ती गेलीच नाही, आणि विचारलं तर म्हणाली, "घरात तांदूळ आहेत की." नव्हते.

या पॅन्ट्रीआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी जायचे. तिथं ओळखपत्र, विजेचं बिल, बँकेचा कागद, सगळं मागायचे, तेही रांगेत, मागच्याला ऐकू जाईल अशा आवाजात. मी तिथं दोन महिने टिकले. इथं सरकारी खोक्याचा एक अर्ज असतो, तो आत बसून भरायचा. बाकीच्या वाटपाला नाव, पिन कोड आणि घरात माणसं किती, एवढंच विचारतो. ज्याला येणं जमत नाही त्याच्या वतीनं शेजारी खोकं नेऊ शकतो, तशी चिठ्ठी आधी लिहून ठेवायची. फसवणारे येतात का? येत असतील. मी तरी डब्यातलं बीट फसवून नेणारा माणूस अजून पाहिलेला नाही.

गेल्या मेमध्ये एक गृहस्थ पहिल्यांदा आले. वय 78, इस्त्रीचा शर्ट, जुनी पण स्वच्छ निळी गाडी. अर्ज भरला, माझ्याशी हवापाण्याचं बोलले, आणि खोकं डिकीत ठेवायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "माझ्यापेक्षा गरजू कुणीतरी असेल. त्याला द्या." हे वाक्य मी दर बुधवारी ऐकते. पूर्वी मी "अहो, घ्या हो" असं आग्रहानं म्हणायचे, जसं आपण पंगतीत जिलबी वाढतो. त्यानं माणूस आणखी आक्रसतो. आता मी त्यांना सरकारी नियम सांगते. प्रत्येक राज्याला ठरावीक खोकी मंजूर असतात, आणि मंजूर झालेल्यांपैकी 95 टक्के वापरली तरच पुढच्या वर्षी वाढवून मागता येतात. "तुम्ही नेलं नाहीत तर ते दुसऱ्याला जात नाही, पुढच्या वर्षीचा आकडा अडतो." हे त्यांना पटलं. आयुष्यभर त्यांनी कुठल्यातरी कारखान्यात मालाचे हिशोब ठेवले होते.

खोकं डिकीत गेलं. मग ते परत उतरले, खोकं उघडलं, बीटचा डबा काढून माझ्या हातात दिला. "हा मात्र खरंच दुसऱ्याला द्या. मला बीट कधीच आवडलं नाही." मी बदल्यात मक्याचा डबा दिला.

तेव्हापासून दर महिन्याला येतात. वाटप साडेसहाला सुरू होतं, पण जून लागला की ते साडेपाचलाच रांगेत पहिले असतात. मी एकदा विचारलं, एवढ्या लवकर का? तर म्हणाले, आठच्या आत घरी पोचायचं असतं. गाडीचा एसी दोन उन्हाळ्यांपासून बंद आहे, दुरुस्तीला 1100 डॉलर सांगितलेत. मानेवर ओला टॉवेल टाकून, चारही काचा खाली करून ते निघतात, आणि चीज वितळू नये म्हणून खोकं डिकीत न ठेवता शेजारच्या सीटवर ठेवतात, पट्टा लावून.