आईची किडनी आणि बीके

ट्रान्सप्लांटला पाच महिने झाले होते. आईची किडनी माझ्या उजव्या कुशीत छान रुळली होती, किडनी मंदावली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन १.२ च्या पुढे जात नव्हतं. सकाळी नऊ आणि रात्री नऊला मोबाइलचा गजर वाजला की टॅक्रोलिमस, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. रक्तातलं तिचं प्रमाण, म्हणजे टॅक लेव्हल, तपासायच्या दिवशी मात्र सकाळची गोळी खिशात टाकून साताऱ्याहून पहाटेची एसटी पकडायची आणि पुण्यात रक्त दिल्यावरच ती गिळायची.

अशाच एका फेरीत क्रिएटिनिन १.७ आलं. ताप नाही, दुखणं नाही, लघवी रोजच्याइतकीच. डॉक्टरांनी आधी विचारलं, "पपनस खाल्लंत का?" गणपतीचे दिवस होते, आणि पपनसाने टॅकची लेव्हल चढते म्हणून ते आम्हाला वर्ज्य. खाल्लं नव्हतं, लेव्हलही ठीक होती. मग शंका दोनच उरल्या, रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, किंवा बीके नावाचा व्हायरस. पंचाईत अशी की दोन्हींचे उपाय उलटे. रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबायची, बीके असेल तर तिला थोडी मोकळीक द्यायची.

रक्तातला विषाणू मोजणाऱ्या पीसीआर तपासणीत त्याच्या ४८,००० कॉपी निघाल्या. बायोप्सीला उताणं झोपवलं, कारण बसवलेली किडनी पोटात पुढच्या बाजूला असते. नंतर सहा तास वाळूची पिशवी घेऊन पडून राहिलो. बीकेच निघाला.

"औषध काय?" मी विचारलं.

"औषधं कमी करायची."

या विषाणूवर खात्रीचं औषध नाहीच. मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध आधी निम्मं झालं, मग बंद, टॅकही उतरवलं. जी गोळी तासभर उशिरा घेतली तरी बोलणी खायची, तीच कमी करायची म्हटल्यावर रात्री झोप लागेना. पोटात जरा टोचलं की वाटायचं, झालं रिजेक्शन सुरू.

दर पंधरा दिवसांनी पीसीआर. पुढचा आकडा उतरण्याऐवजी ६१,००० वर गेला. त्यानंतरचं सॅम्पल गावातल्या लॅबमध्ये दिलं, तर रिपोर्टवर ४.३! धाकटा भाऊ पेढे आणायला निघालासुद्धा. डॉक्टर हसले. तो आकडा लॉगमधला होता, म्हणजे दहाचा ४.३ वा घात, साधारण २०,००० कॉपी. उतरला होता खरा, पण दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून हिशेब करायचा नसतो. तेव्हापासून लॅब एकच.

बीके बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि किडनीत मुकाट पडून राहतो. १९७१ मध्ये किडनी बसवलेल्या ज्या रुग्णाच्या लघवीत तो सापडला, त्याच्या नावाची आद्याक्षरं म्हणून बीके. अनेकदा तो डोनरच्या किडनीबरोबरच येतो, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. आई तेव्हा बाहेर बाकावर डबा घेऊन बसली होती. एसटीत तिने विचारलंच, "माझीच किडनी वांड निघाली का रे?"

"नाही गं, माझ्याच अंगात होता तो," म्हणालो. तिने खिडकीबाहेर बघत मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

पाच महिन्यांनी रिपोर्टवर 'आढळला नाही' आलं. क्रिएटिनिन १.५ वर थांबलंय, १.२ पुन्हा दिसलं नाही. मायकोफेनोलेट अजून बंदच आहे. आई दर फेरीला सोबत येते आणि रिपोर्ट माझ्या आधी स्वतः वाचते. लॉग म्हणजे काय, तेही तिने भावाकडून समजून घेतलंय.