पॉम्पेईला गेलेली आपल्याकडची बाई

क्रूझवाल्यांची पॉम्पेईची सहल भलतीच महाग होती. म्हणून इटलीतल्या नेपल्सच्या बंदरात उतरलो आणि सरळ लोकल रेल्वे पकडली. बरोबर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले आमचे काका-काकू, आणि काकांच्या पिशवीत अर्थातच भडंग.

इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि हे शहर दगड-राखेखाली गाडलं गेलं. 1748 पासून खोदकाम सुरू आहे, तरी जवळपास एक तृतीयांश शहर अजून जमिनीतच आहे. फरसबंद रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पाडल्यात. मध्येमध्ये उंच दगड रोवलेले. रस्त्यावरून सांडपाणी वाहायचं, तेव्हा माणसं या दगडांवर पाय देत पलीकडं जायची आणि चाकं मधल्या फटींतून. मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं. खानावळींच्या ओट्यांत मोठे रांजण बसवलेले. "हा तर आपला महाद्वार रोडच की!" काका म्हणाले.

मला याच रस्त्यावरचं एक घर बघायचं होतं. 1938 मध्ये तिथं हस्तिदंताची वीतभर उंच बाई सापडली. अंगावर दागिनेच दागिने, दोन्ही बाजूंना दासी. तिला लक्ष्मी म्हटलं गेलं. आता बरेच अभ्यासक यक्षी मानतात. आपल्या तेर आणि भोकरदनला तिच्यासारख्याच मूर्ती मिळाल्यात, त्यामुळं ती दख्खनमधून गेली असावी असा कयास आहे. आणि उलट दिशेनं काय आलं? पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती निघाली. समुद्रापासून इतक्या लांब, सह्याद्रीच्या अलीकडं! टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे ती. कोल्हापुरात जन्म काढलेल्या किती जणांनी बघितली असेल, देव जाणे.

घर बंद होतं. बाहेरूनच डोकावलो. उन्हात उभं राहून रिकाम्या घराकडं बघणारे आम्हीच, बाकी गर्दी माणसांचे साचे बघायला. राखेत कुजून गेलेल्या देहांच्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून ते घेतलेत. ही रीत पुरातत्त्वज्ञ फिओरेल्लीनं 1863 मध्ये वापरली. एकानं तोंडावर हात धरलाय. काकूंना ते बघवलं नाही, मलाही फार वेळ नाही. काचेबाहेर लोक सेल्फी काढत होते, त्याचा मात्र राग आला.

ती हस्तिदंताची मूर्ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. जहाज सुटायला वेळ होता, तेवढ्यात पळत गाठलं. तिला ठेवलंय 'गुप्त दालनात', म्हणजे पॉम्पेईतल्या चावट चित्रांच्या नि वस्तूंच्या सोबतीला. हे मी काका-काकूंना आधी सांगितलं नव्हतं.

काकू तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "आपली लक्ष्मी हो!" म्हणत सवयीनं हात जोडले, डोळे मिटले. डोळे उघडल्यावर शेजारच्या कपाटांकडं नजर गेली.

"चला," त्या काकांचा हात धरून म्हणाल्या, "बोट सुटंल."

काका म्हणाले, "अजून लई वेळ हाय की."