ग्राफीन, मांजा आणि तर्री

"काऊन वं, ते ग्राफीन पेशी कापते म्हणे? मांजासारखं?" संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मोठेबाबांनी पुन्हा विचारलं. बोटाला पट्टी होती, त्यामुळे मांजाच डोक्यात. पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं ते २०२१ मध्ये, लशीत ग्राफीन ऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजन जोडलेलं ग्राफीन, असल्याचे मेसेज फिरत होते तेव्हा. कोव्हिशिल्ड आणि कोव्हॅक्सिन, दोन्हींच्या घटकांत ते नव्हतं. तेवढं सांगून मी विषय संपवला होता. पण मी ग्राफीन आणि पेशींवर काम करते म्हटलं की तुम्हीही हेच विचारता, म्हणून आता जरा नीट सांगते.

पेन्सिलीतलं ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या पापुद्र्यांची चवड. त्यातला एक पापुद्रा म्हणजे ग्राफीन. गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये मँचेस्टरला चिकटपट्टीनं सोलून तो वेगळा केला आणि २०१० मध्ये नोबेल मिळवलं. जाडी ०.३४ नॅनोमीटर. पेशीभोवतीचं पातळ आवरण, म्हणजे पेशीपटल, चार-पाच नॅनोमीटरचं. आकडे ऐकले की पातं आठवणारच.

पण मांजाला ओढणारा हात लागतो. इथे ओढतं ते पेशीपटलच.

तर्री-पोह्याची प्लेट आठवा. रश्श्यावर लाल तेल तरंगतंय, त्यावर कागदाचा तुकडा टेकवला की तेल आपसूक कागदावर चढतं. पेशीपटल स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं असतं: पाण्याशी जमवून घेणारी डोकी बाहेर, पाणी नको असलेल्या शेपट्या आत. ग्राफीनलाही पाणी नकोच असतं. त्यामुळे शेपट्यांच्या त्या तेलकट पट्ट्यात शिरणं त्याला सोयीचं. अडचण फक्त दारातली. अख्खी कड एकदम घुसवणं जड जातं, एखादा टोकदार कोपरा मात्र सहज रुततो आणि बाकीचा पापुद्रा मागून सरकतो. २०१३ मध्ये हे संगणकावरच्या गणितातही दिसलं आणि त्वचेच्या, फुप्फुसाच्या खऱ्या पेशींवरही. त्याच वर्षी ई. कोलाय जिवाणूंवरच्या कामात कागदाचा प्रकारही दिसला: ग्राफीननं पटलातले स्निग्ध रेणूच स्वतःच्या अंगावर ओढून घेतले, पटल विरळ झालं आणि जिवाणू मेले.

"म्हणजे कापतेच ना!" मोठेबाबा खूश.

इथे मला माझी फजिती सांगावी लागते. नवी असताना मी फुप्फुसाच्या पेशींवर ग्राफीन ऑक्साइड टाकलं. दुसऱ्या दिवशी निम्म्या पेशी गोल होऊन तळापासून सुटलेल्या. मी आनंदानं वहीत 'तीव्र परिणाम' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. सरांनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "मीडियममध्ये सीरम होतं?" नव्हतं. पेशी वाढवायच्या त्या द्रवात ते घालायलाच विसरले होते. वासराच्या रक्तातलं दहा टक्के सीरम घालून तोच डोस पुन्हा दिला, तर बहुतेक पेशी तळाला चिकटून मजेत. सीरममधली अल्ब्युमिनसारखी प्रथिनं पापुद्र्यावर लगेच बसतात. झाकलेला पापुद्रा पेशीपटलाला तितकासा भिडत नाही. त्या रेघा मी खोडल्या नाहीत, वही अजून आहे.

रक्तात प्रथिनांची कमी नाही. तेव्हा 'ग्राफीन पेशी मारतं' असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते: कशात, किती, केवढे तुकडे, ऑक्साइड की नुसतं? याची उत्तरं नसतील तर ती बातमी मी पुढे पाठवत नाही.

मात्र फुप्फुसांबाबत मी मोठेबाबांच्या बाजूची. कोरडी पूड उडते. तिचे तुकडे रुंद असले तरी इतके पातळ असतात की हवेत बारीक कणांसारखे वागतात आणि श्वासाबरोबर खोल जातात. तिथून ते साफ करणाऱ्या भक्षक पेशींना मोठा, चपटा तुकडा धड गिळताही येत नाही.

म्हणून पूड तोलताना मी मास्क लावते, दार ओढून घेते आणि पंखा बंद करते. नागपुरात, मे महिन्यातसुद्धा.